गोरीची सोयरीक

मुळशीत तुमचं लग्न ठरलं आणि त्यात रंभाआत्याचा हात नसला, तर एक तर तुम्ही पळून गेला असाल, नाहीतर पुण्याच्या एखाद्या वधूवर मंडळात फी भरली असेल. पौडपासून वरच्या वाड्यांपर्यंत आणि पलीकडे मुठा खोऱ्यात कुणाची पोरगी उपवर झाली, कुणाच्या पोराला हिंजवडीत नोकरी लागली, कुणी रस्त्याकडेची जमीन विकली आणि म्हणून कुणाच्या पोराचा भाव वाढला, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. बाजारात भाजीचा भाव विचारावा तसं ती अनोळखी माणसाला त्याचं कूळ विचारते. माणूसही मुकाट्याने सांगतो, मी तर पाहिलंय.

रंभाआत्या म्हणजे रंभाबाई, धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाघजाईच्या वाडीतली. नवरा ऐन तरुणपणी गेला, पोटी मूल नाही. नवऱ्याच्या वाटणीचा जमिनीचा तुकडा आणि स्लॅबचं घर आहे, त्याच्या मागच्या दोन खोल्या ती भाड्याने देते. सोयरिकी जुळवायचे पैसे मात्र घेत नाही. लुगडं घेते आणि पहिल्या पंगतीचा मान घेते. मंडपात ती कधी पुढे येत नाही. हळद लागताना आणि अक्षता पडताना ती मागच्या खांबाशी उभी असते, कारण विधवेने पुढे यायचं नाही असा वाडीचा रिवाज आहे. मला त्याचा भारी राग यायचा. एकदा बोललो, तर माझ्यावरच खेकसली.

"गप रं विक्या. मांडव माझ्यामुळं हुबा ऱ्हायलाय, मला पुढं मिरवून काय करायचंय?"

विक्या म्हणजे मी, विकी. माले गावचा. आधी हिंजवडीत कंपनीची कॅब चालवायचो. रात्रपाळीला कंटाळलो आणि झाडांच्या प्रोजेक्टची जीप धरली. पुण्याची एक संस्था, श्रीलंकेतली एक जुनी वनस्पतींची बाग आणि आणखी चार देशांतल्या बागा, अशा मंडळींनी मिळून सह्याद्रीतली संपत आलेली झाडं वाचवायचं मनावर घेतलं होतं. झाडासाठी माणसं विमानाने येतात याचं मला सुरुवातीला हसू यायचं. मी जीप धुवायचो आणि हसायचो.

प्रोजेक्टच्या सायली मॅडम आत्याच्या मागच्या खोलीत राहायच्या. श्रीलंकेच्या बागेतल्या डॉक्टर नीलुका आल्या की दुसऱ्या खोलीत उतरायच्या. पहिल्याच दिवशी आत्याने त्यांना चहा दिला आणि माझ्यामार्फत विचारलं, "लगीन झालंय का? कूळ कोन्तं?" नीलुका मॅडम हसत सुटल्या. आत्या हसली नाही, ती उत्तराची वाट बघत होती.

आत्याची दोन मतं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिलं देवकाचं. तिच्या समाजात प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, एखादं झाड, पान नाहीतर पिसासारखी वस्तू. लग्नाआधी ते पूजतात. देवक एक निघालं की मुलगा-मुलगी भाऊ-बहीण ठरतात, मग ती एकमेकांना कधी भेटलेली नसोत. अशी जुळत आलेली किती लग्नं आत्याने बैठकीतून उठून मोडली असतील, देव जाणे. आम्ही बौद्ध, आमच्यात देवक बघत नाहीत. "तुझं बरं हाय बाबा," असं म्हणत तिने माझ्यासाठीही नेऱ्याची एक मुलगी शोधली होती. मुलीने मला नाकारलं, तो विषय वेगळा.

तिचं दुसरं मत असं की स्थळ नाही असं जगात होत नाही. मुलगी काळी असो, लंगडी असो, तिशी उलटलेली असो, आत्याचं ठरलेलं वाक्य असायचं, "ह्या डोंगराला न्हाई, तर पल्याडच्या डोंगराला. हुडकलं की घावतंच." आणि खरंच घावायचं. त्या एका वाक्यावर कितीतरी आया रात्री सुखाने झोपल्या असतील.

आता गोरीचं सांगतो.

वाडीच्या वर वाघजाईची राई आहे. देवीच्या नावाने राखलेलं रान, त्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी बाहेर न्यायची नाही. आत लोखंड न्यायचं नाही, चप्पल घालायची नाही, झाडावर चढायचं नाही. आत पाऊल टाकलं की ऊन मागे राहतं आणि घामाच्या अंगावर गारवा उतरतो. वेली माझ्या मांडीएवढ्या जाड. बोललेलं ऐकू येतं, पण आवाज आपला वाटत नाही. मी देव मानत नाही, तरी तिथे माझा आवाज आपोआप खाली येतो.

राईच्या मधोमध गोरी उभी आहे. पांढुरक्या सालीची, म्हणून गोरी. चार माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. गाव तिला देवीची धाकटी बहीण मानतं, म्हणजे वाडीचीच लेक. दर चैत्रात ती फुलते, पिवळट बारीक फुलं, आणि वास असा की खाली धरणाच्या काठापर्यंत जातो. पण तिला फळ धरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांनी नाही, त्यांच्या म्हाताऱ्यांनीही नाही.

त्याचं कारण सायली मॅडमनी काढलं. ह्या जातीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. गोरी मादी. शंभरएक वर्षांपूर्वी धरण भरलं तेव्हा राईचा खालचा भाग पाण्याखाली गेला, नर बहुतेक तिथेच होते. त्याच्याही आधी कुणी एका साहेबाने इथल्या रानातल्या बिया बोटीने श्रीलंकेला नेल्या होत्या. त्यातलं एक झाड त्या जुन्या बागेत अजून जिवंत होतं आणि ते नर होतं. त्याचा पराग आणून गोरीच्या फुलांना लावायचा, एवढ्यासाठी दोन देशांनी परवानग्या काढल्या होत्या.

हे मी आत्याला तिच्या ओट्यावर बसून समजावलं. ती लसूण सोलत होती. सोलायची थांबली.

"म्हंजे इतकी वर्सं ही नटून बसतीया," ती म्हणाली, "आनि बघायला कोनी येतच न्हाई?"

मी जीप चालवतो, झाडांचं फारसं मनाला लावून घेत नाही. पण ते ऐकलं आणि मनात मोजायला लागलो. शंभर चैत्र. कुणीही येणार नाही हे माहीत नसलेलं झाड दर वर्षी सगळ्या अंगाने फुलतं, म्हणजे काय धीर म्हणायचा!

अडचण गावाची होती. देवस्थानचं काम आत्याचे चुलत दीर जयसिंगराव बघतात. भला माणूस, पण नियमाला पक्का. गोरीवर कुणी चढायचं नाही म्हणजे नाही. वैज्ञानिक असोत नाहीतर तहसीलदार असोत. सायली मॅडमनी नकाशे दाखवले, पडद्यावर चित्रं दाखवली. जयसिंगरावांनी सगळ्यांना चहा पाजला आणि नाही म्हणाले.

मग आत्याने प्रकरण हातात घेतलं. तिला परागबिराग कळत नव्हतं, पण लग्न कळत होतं. तिने गावाला सांगितलं, लेक उजवायची आहे. लग्नाशिवाय परक्याने लेकीला हात लावायचा नाही हे बरोबरच, पण लग्न लागल्यावर कोण अडवणार? जयसिंगराव बैठकीला तयार झाले. वाडीच्या बायकांना तर उधाणच आलं. नीलुका मॅडमच्या मोबाइलवरचा श्रीलंकेतल्या झाडाचा फोटो घरोघरी फिरला. "उंच हाय." "जरा वाकलाय, पन रंग बरा हाय." सायली मॅडम सुरुवातीला कानकोंड्या झाल्या, पुढे त्याही रंगात आल्या. नीलुका मॅडम तर वरमाय असल्यासारख्या मिरवत होत्या.

देवळासमोर बैठक बसली. पान-सुपारी मांडली. आत्याने रिवाजाप्रमाणे विचारलं, "मुलाचं मूळ गाव कोन्तं? देवक कोन्तं?"

सायली मॅडम शिकलेल्या, शहरातल्या. त्यांना वाटलं, आता गावाला आनंद होईल असं काही सांगावं. हसत हसत म्हणाल्या, "अहो आत्या, तो परका नाहीच! तो इथलाच आहे. त्याचं बी ह्याच राईतून गेलंय!"

आत्याने समोरची सुपारी उचलून परत पिशवीत टाकली.

"ह्याच राईतलं?"

"हो! कदाचित गोरीच्या आईचंच."

"मग भाऊ हाय त्यो तिचा," आत्या म्हणाली आणि उठली. "मोडली सोयरीक."

मी मध्ये पडलो. झाडांना कसलं भाऊ आणि कसली बहीण, असं मी सगळ्यांसमोर बोललो. आत्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जयसिंगरावांच्या चेहऱ्यावर तर सुटल्याचा आनंद दिसत होता. लग्नाच्या नावाने उघडलेलं दार लग्नाच्याच नावाने बंद झालं होतं आणि ते उघडणारी, बंद करणारी बाई एकच होती.

बैठक उठल्यावर सायली मॅडम जीपमध्ये बसून रडल्या. त्या म्हणाल्या, आत्याचं अगदीच चुकीचं नाही, जवळच्या नात्यातलं बी कमजोर निघू शकतं हे आम्हालाही ठाऊक आहे. पण कमजोर का होईना, बी तर धरेल. त्या चैत्रात गोरीची फुलं गळून राईत पिवळा सडा पडला. मी त्यावरून चाललो आणि आत्यावर इतका संतापलो की तिच्या घरचं जेवण बंद केलं. मालेहून डबा आणायला लागलो. तिने दोनदा हाक मारली, मी जीपखाली शिरून काहीतरी दुरुस्त करत असल्याचं नाटक केलं.

आषाढात वारा सुटला आणि गोरीची पश्चिमेकडची मोठी फांदी मोडून पडली. आवाज वाडीपर्यंत आला. आम्ही सगळे वर गेलो. फांदी मोडली तिथे खोड उघडं पडलं होतं आणि आत पोकळ होतं, माणूस उभा राहील एवढं. सायली मॅडमनी आत हात घातला, बाहेर काढला तेव्हा त्यात भुसा होता. त्या म्हणाल्या, "अजून एखादा पावसाळा. दोन, जास्तीत जास्त."

आत्या गोरीच्या बुंध्याला हात लावून कितीतरी वेळ उभी होती. मग पदर खोचून म्हणाली, "भाऊ चालायचा न्हाई. दुसरं स्थळ हुडका."

"आत्या, शोधलंय आम्ही," मॅडम म्हणाल्या.

"परत हुडका. असं कसं न्हाई म्हनता? ह्या डोंगराला न्हाई तर पल्याडच्या डोंगराला."

आणि तिने खरंच शोधायला लावलं. मॅडमनी सगळ्या जोडीदार बागांना परत विचारलं. इंडोनेशियातली बाग, सिंगापूरची, मॉरिशसची, युरोपातल्या काचेच्या घरात झाडं वाढवणाऱ्या बागा. केरळात आणि कर्नाटकात त्यांच्या ओळखीची माणसं जळवा काढत रानं तुडवून आली. आत्या रोज संध्याकाळी मॅडमच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. लॅपटॉप उघडला की विचारायची, "आज कोनाचं उत्तर आलं?" मी अजून रुसलेलाच होतो, पण जीप तिथेच लावायचो आणि ऐकायचो.

सिंगापूर नाही म्हणालं. मॉरिशस नाही म्हणालं. केरळातून आलेला फोटो दुसऱ्याच झाडाचा निघाला, त्या दिवशी आत्या जेवली नाही. श्रावण सरता सरता शेवटचं उत्तर इंडोनेशियाहून आलं. त्यांच्याकडे एक होतं, पण वीज पडून गेलं, त्याला आता वीस वर्षं झाली.

"मग आता कोन ऱ्हायलं इचारायचं?" आत्याने विचारलं.

"कुणीच नाही."

"म्हंजे, ह्या देशात न्हाई."

"कुठेच नाही, आत्या. सगळ्या जगात गोरी आहे आणि तो एक आहे. बस."

आत्याने सगळी हयात आयांना सांगितलं होतं की हुडकलं की घावतंच, आणि स्वतः ते मनापासून खरं मानलं होतं. आता ती दाराबाहेर काळोखात बुडालेल्या डोंगराकडे बघत होती. तिच्यासाठी डोंगरामागे डोंगर असायचा आणि प्रत्येक डोंगरामागे कुणीतरी असायचंच. मलाही त्या क्षणी पहिल्यांदा कळलं की संपणं म्हणजे काय. मी हा शब्द रोज ऐकत होतो, प्रोजेक्टच्या बोर्डावर तो लिहिलेला होता. पण जगभर हाका मारायच्या आणि कुठूनही ओ यायची नाही, हे त्या उंबऱ्यावर बसलेल्या बाईच्या तोंडाकडे बघून कळलं. माझा रुसवा तिथेच गळाला.

"आत्या," मी म्हणालो, "भूक लागलीय."

ती उठली आणि तिने मला भाकरी वाढली. स्वतः मात्र शेजारी बसून विचार करत राहिली.

आठवडाभराने तिने जयसिंगरावांना आणि आणखी चार जाणत्यांना बोलावलं. आम्हीही होतो. आत्या म्हणाली, देवक आडवं येत असेल तर जुनी माणसं काय करायची? मुलगी दुसऱ्या कुळात ओटीत द्यायची. दत्तक. मग ती त्या कुळाची होते, भाऊ भाऊ राहत नाही, आणि कन्यादान नवीन आई-बाप करतात. आपल्याच भावकीत असं एक लग्न झालंय, ते जयसिंगरावांच्या आजीचं. जयसिंगराव चमकले, पण नाही म्हणाले नाहीत.

"पन गोरीला ओटीत घेनार कोन?" त्यांनी विचारलं.

"मी."

"वैनी, तुमी आमच्याच कुळातल्या."

"सासरचं कूळ तुमच्या भावाबरूबर गेलं. माझं म्हायेर मुठ्याचं, देवक मोराचं पीस. मी म्हायेरची म्हनून घेतीया."

जयसिंगराव घुटमळले. शेवटी खाली बघत म्हणाले, "पन वैनी, कन्यादानाला... म्हंजे, रिवाज असा हाय की बाईमानूस एकटं, नवरा नसताना..."

"भावजी," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमच्या समद्यांच्या लेकी मी उजवल्या. खांबामागं हुबी ऱ्हाऊन उजवल्या, कदी तक्रार केली न्हाई. माझी वटी रिकामी ऱ्हायली. आज ती भराया मी कोनाची परवानगी मागत न्हाई. सांगाया बोलावलंय."

जयसिंगरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. म्हणाले, "चैत्र लागला की मुहूर्त बघू."

गोरी पुढच्या चैत्रापर्यंत टिकेल का, टिकली तर फुलेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. सबंध हिवाळा आम्ही जीव मुठीत धरून होतो. आत्या दर दोन-तीन दिवसांनी वर जाऊन यायची. फाल्गुन संपता संपता एक दिवस ती राईतून पळत आली, ह्या वयात, आणि लांबूनच ओरडली, "कळ्या धरल्या!"

नवरदेवाला आणायला मीच मुंबईला गेलो. नीलुका मॅडम विमानतळाबाहेर आल्या त्या हातात बर्फाचा डबा घेऊन, आणि डब्यात करंगळीएवढी काचेची नळी. नळीत चिमूटभर पिवळी पूड. मी गाडी हळू चालवली. एक्सप्रेस वेवर मला ट्रकवाल्यांनीसुद्धा मागे टाकलं, पिरंगुटपासून पुढे मी खड्ड्यांची माफी मागत आलो. सगळ्या जगात जे एकच आहे त्यातलं एवढंसं माझ्या शेजारच्या सीटवर बर्फात बसलं होतं. कॅबमधून मी मोठमोठे साहेब नेले असतील, पण असं जपून कुणालाच नाही.

वाडीच्या वेशीवर बायका ओवाळायला उभ्या होत्या. बर्फ वितळेल म्हणून सायली मॅडम घायकुतीला आल्या, तेव्हा आत्यानेच सगळ्यांना दटावलं आणि ओवाळणी झटपट उरकली. डब्याला मुंडावळ्या बांधल्या. राईच्या तोंडाशी जयसिंगराव एका फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन उभे होते. चढायच्या दोरांच्या कड्या त्यांनी एकेक करून तपासल्या. कड्या अल्युमिनियमच्या होत्या, चुंबकाला चिकटल्या नाहीत. "जावा," ते म्हणाले.

गोरीच्या बुंध्याशी आत्या पाटावर बसली होती. नवं लुगडं, ओटीत तांदूळ आणि नारळ, आणि समोर तांब्यात एक मोराचं पीस. तिच्या मागे कुठलाही खांब नव्हता. जयसिंगरावांनी ओटीत देण्याचे शब्द म्हटले आणि आत्याने गोरीच्या खोडावर पदर पसरला. मग अंतरपाट धरला, बायकांनी मंगलाष्टका म्हटल्या, आणि दोघी मॅडम अनवाणी, दोरावरून वर गेल्या.

मलाही वर नेलं, पिशव्या धरायला. खालून मी कधी गोरीचा शेंडा पाहिला नव्हता. वर पोचलो आणि कळलं. आपण ज्याला राई म्हणतो ती खाली नसतेच, ती वर असते. पानांचं एक आख्खं पठार पसरलेलं, त्यावर ऊन लोळतंय, पलीकडे धरणाचं पाणी. दांडक्याएवढी चोच घेऊन दोन धनेश पक्षी आमच्या समोरून गेले, त्यांच्या पंखांचा आवाज एखादं जुनं इंजिन धापा टाकत जावं तसा. आणि चहूकडे गोरीची फुलं. वासाने डोकं हलकं झालं. झाडाच्या पोटात पोकळी होती, अंगावर जखम होती, आणि तरी हे एवढं सगळं तिने फुलवलं होतं.

नीलुका मॅडमनी फुलांचे घोस एकेक करून पुढे ओढून धरले. सायली मॅडमनी बारीक कुंचला नळीत बुडवून फुलाला लावला. एवढंच. डोळ्याला काही दिसलंसुद्धा नाही. नीलुका मॅडम स्वतःच्या भाषेत पुटपुटत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. खालून आत्याची हाक आली, "लागलं का लगीन?"

"लागलं!" मी ओरडलो. खालून अक्षता आमच्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं, पण त्यांनी फेकल्या.

पुढचे महिने सांगत बसत नाही. पुष्कळ फुलं गळाली, थोडी फळं धरली. त्यातली काही शेकरूने खाल्ली, त्याला कुणी काही बोलू शकत नव्हतं, राई त्याचीही होती. वादळी पावसात प्रत्येक रात्र वैऱ्याची गेली. गौरी-गणपतीच्या सुमारास तीन फळं पिकली, मनगटाएवढी, तांबूस.

आणि मग जयसिंगराव परत आडवे आले. राईतून काही बाहेर न्यायचं नाही. सायली मॅडम कळवळून सांगत होत्या की हे बी वाळलं की मरतं, राईत ठेवलं तर डुकरं खातील, ताबडतोब राखेत आणि मातीत जपायला हवं. जयसिंगराव काही ऐकून घेईनात.

आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "भावजी, पयलं बाळातपन कुटं करत्यात?"

तिनेच उत्तर दिलं.

"म्हायेरी. आन तिची आई मी. बाळातपन माझ्या दारात."

जयसिंगराव हसायलाच लागले. मोठ्याने, पोट धरून. मग त्यांनी स्वतः ती फळं आपल्या उपरण्यात घेतली आणि आत्याच्या परसात आणून दिली.

तीन फळांतल्या तीन बिया कुंड्यांत लावल्या. एक कुजली. दुसरी किड्याने पोखरली. तिसऱ्या कुंडीत नुसती माती. आत्या परसात खाट टाकून झोपायला लागली. सोयरिकी मागायला आलेली माणसं परत जायला लागली, "सध्या जमनार न्हाई, घरात बाळातपन हाय" असं ती त्यांना तोंडावर सांगायची. मला मनातून वाटत होतं की हीही जाणार. सायली मॅडमना विचारायचं धाडस होत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी सायली मॅडम आणि मी परसात आलो, तर आत्या कुंडीपुढे मांडी घालून बसली होती. तिने हाताने खूण केली, आवाज करू नका. आम्ही चपला काढून गेलो, का ते मला सांगता येणार नाही. मातीला तडा गेला होता आणि त्यातून एक लालसर कोंब मान वाकवून वर आला होता. बियाचं टरफल अजून त्याच्या डोक्यावर होतं. सायली मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मी त्या कोंबाकडे बघत होतो आणि मला आपण किती लहान आहोत असं वाटत होतं. लाज वाटण्यासारखं लहान नव्हे, डोंगराखाली उभं राहिल्यावर वाटतं तसं.

मग आत्याने विचारलं, "सायली, आता जगात किती झाली?"

सायली मॅडमनी ओठ आवळले. मग म्हणाल्या, "गोरी. तो तिकडचा. आणि हा."

"तीन."

"तीन, आत्या."

आत्याने मान हलवली. कोंबडी परसात शिरत होती, तिला हुसकावलं. भिंतीशी ठेवलेलं बांबूचं डालगं उचलून तिने कुंडीवर अलगद पालथं घातलं आणि त्याला टेकून बसली.